ड्रम खाली करो

कतारमध्ये तुम्ही काय करता, असं गावी मला कोणी विचारलं की मी खरं ते सांगतो, आणि त्यामुळेच गावात माझी ख्याती थापाड्या अशी झाली आहे. मी म्हणतो, "बर्फ करतो." समोरचा विचारतो, "सरबताचा?" मी म्हणतो, "नाही, खेळायचा." मग तो माणूस माझ्या खांद्यावर हात ठेवून विषय बदलतो आणि आंब्याचा भाव काढतो.

पण आहे ते असं आहे. बाहेर गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसतो, आणि आत हॉलमध्ये माझी माणसं कानाला मफलर गुंडाळून उभी असतात. मध्ये फक्त एक भिंत आणि दोन दारं. त्या भिंतीच्या आतल्या बाजूला जे काही गोठलेलं आहे, ते माझं.

माझं नाव रफिक होडेकर. इथे या नावाची एक गंमत आहे. अरबी लोक कुठल्याही अनोळखी कामगाराला 'रफीक' म्हणून हाक मारतात. रफीक म्हणजे दोस्त. मला हे माहीत नव्हतं. पहिले सहा महिने मी सूक वाकिफच्या जुन्या बाजारातून चालत गेलो की मसालेवाला, अत्तरवाला, पोलीस, सगळे "रफीक! रफीक!" करायचे आणि मी प्रत्येकाला थांबून सलाम करायचो. घरी फोन करून बायकोला सांगितलं, "शमीम, इथे मला सगळा बाजार ओळखतो." ती म्हणाली, "कुणाचे पैसे बुडवलात काय?"

मी मूळचा रत्नागिरीचा. मिरकरवाड्याच्या बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात पंधरा वर्षं काढली. तिथलं काम सोपं होतं. मोठ्या टाकीत गार केलेलं मिठाचं पाणी असतं. त्यात पत्र्याचे लांब डबे सोडायचे, डब्यात गोडं पाणी. ते गोठलं की डबा उलटा करायचा, लादी बाहेर. लादी फोडायची आणि बोटीत भरायची. माशाला बर्फ गोल आहे की चौकोनी, पांढरा आहे की मातकट, याचं काही पडलेलं नसतं. मासा तक्रार करत नाही.

हॉकीवाले करतात.

दोह्यात मी आलो होतो एसीच्या कामाला. मग एका मित्राने सांगितलं की कुठलासा क्लब बर्फाच्या प्लांटसाठी माणूस शोधतोय. मुलाखत घ्यायला एक उंच कॅनडावाला बसला होता. त्याने विचारलं, बर्फाचा अनुभव किती? म्हटलं, पंधरा वर्षं. तो सरसावून बसला. या भागात पंधरा वर्षं बर्फ केलेला माणूस त्याला कुठे मिळणार? त्याने विचारलं, "कुठल्या खेळासाठी?" मी म्हणालो, "सुरमई. पापलेट. हंगामात बांगडा." तो एवढा हसला की त्याचा चहा सांडला. नोकरी मिळाली.

क्लबचं नाव 'सांबूक'. सांबूक म्हणजे इकडचं जुनं शिडाचं गलबत, ज्यातून हे लोक मोती काढायला समुद्रात जायचे. क्लब काढला बू नासरने. बू नासर म्हणजे नासरचा बाप. इथे मोठ्या माणसाला त्याच्या थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. हा गृहस्थ तरुणपणी शिकायला कॅनडात गेला, डिग्री घेऊन आला आणि डिग्रीपेक्षा जास्त आइस हॉकी घेऊन आला. रास लफानच्या गॅस प्लांटवरचे कॅनडियन, फिनिश आणि चेक इंजिनियर सकाळी मॉल उघडायच्या आत तिथल्या छोट्या बर्फावर खेळायचे. बू नासर त्यांच्यात जाऊन पडू लागला. पडता पडता त्याने ठरवलं की आपला स्वतःचा हॉल हवा, स्वतःचा संघ हवा, आणि खेळणारे पगारी हवेत.

आणि तसं केलं. आखाती देशांच्या लीगमध्ये सांबूकने दोनदा कप जिंकला. त्या दिवसांत आमच्या कँटीनमध्ये सॅल्मन मासा असायचा. मग चांगले खेळाडू जास्त पगारावर इतरत्र गेले, प्रायोजक कंपनीने हात आखडला, आणि कँटीनमध्ये अंडाकरी आली. क्लबची तब्येत मी नेहमी कँटीनवरून ओळखतो. माझी ही गोष्ट आहे ती कँटीनमध्ये नुसती डाळ राहिली होती त्या वर्षीची.

पण आधी बर्फाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढची आपत्ती कळणार नाही.

हॉकीचा बर्फ लादीसारखा एकदम गोठवत नाहीत. सिमेंटच्या जमिनीत नळ्यांचं जाळं असतं, त्यातून शून्याच्या बरंच खालचं गार द्रव्य फिरतं. त्या जमिनीवर पाणी फवारायचं, अगदी हलकं, गुलाबपाणी शिंपडावं तसं. ते गोठलं की परत. असे काही थर झाले की पांढरा रंग मारायचा, कारण बर्फ पारदर्शक असतो आणि खालचं सिमेंट दिसतं. पांढऱ्यावर पुन्हा पाणी. त्यावर लाल-निळ्या रेषा, अगदी मध्यावर निळा ठिपका आणि त्याभोवती क्लबचं चित्र. त्यावर पुन्हा थरावर थर. सगळं मिळून जाडी किती, तर माझी दोन बोटं. एवढ्या दोन बोटांवर शंभर किलोचे गडी पायात सुऱ्या बांधून एकमेकांच्या अंगावर धावतात.

खेळून बर्फ ओरखडला की त्यावरून एक गाडी फिरते. ती वरचा पापुद्रा तासते आणि मागून गरम पाणी सोडते. हो, गरम. गरम पाणी खालच्या बर्फाला थोडं वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. आम्ही त्या गाडीला इस्त्री म्हणतो. ही इस्त्री चालवतो कुरियन.

कुरियन माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, केरळातल्या कोट्टयमचा, गंभीर चेहऱ्याचा. शुक्रवारी तो अबू हमूरजवळच्या चर्चमध्ये जातो आणि मी जुम्म्याला, आणि मग दोघं मिळून प्लांटवर. त्याला एकाच गोष्टीचा अभिमान आहे: त्याची हिंदी. शाळेत असताना त्याने हिंदीच्या सगळ्या परीक्षा दिल्या आणि प्रत्येकीत पहिला वर्ग मिळवला. सर्टिफिकेटं लॅमिनेट करून कतारला आणली आहेत. माझी हिंदी ही मिरकरवाड्याची. मी "मेरेको" म्हटलं की कुरियन डोळे मिटून घेतो.

तासलेला बर्फ इस्त्री मागच्या अंगणात ओतते. भर उन्हात भुसभुशीत बर्फाचा ढीग! तो बघायला आजूबाजूच्या वस्तीतली मुलं आयांना ओढत आणायची. एक अरब आजीबाई ड्रायव्हरबरोबर यायच्या, ढिगाला तळहात लावायच्या, "सुभानल्ला" म्हणायच्या आणि परत जायच्या. आठवड्यातून एकदा, अगदी नियमाने. आणि आपले कोकणातले ड्रायव्हर लोक? ते थर्माकोलचे डबे घेऊन. मासळी बाजारातून आणलेली सुरमई त्या ढिगात पुरून निघून जायचे आणि ड्युटी संपली की उकरून न्यायचे. एकदा मीही थोडा बर्फ घरी नेला; तोवर शमीमही दोह्याला आली होती. शमीमने वास घेतला आणि म्हणाली, "बरफाला म्हावऱ्याचा वास नाय, तो कसला बरफ?"

आमचा एक गोलकीपर होता, चेक. तो सामन्याआधी बर्फावर कान ठेवून झोपायचा. मला बोलावून म्हणायचा, "आज बर्फ दुःखी आहे." मी आत जाऊन पाच मिनिटं एसीखाली उभा राहायचो, कशालाही हात लावायचो नाही, आणि बाहेर येऊन सांगायचो, केलं ठीक. तो परत कान लावायचा. "आता बरा आहे." कला म्हणतात ती हीच.

तर ते डाळीचं वर्ष. प्रायोजक निघून गेला होता. लीगने पत्र पाठवलं की तुमचा हॉल आम्ही पुन्हा तपासणार, तपासनीस स्वीडनहून येईल. बू नासरने सगळ्यांना बर्फाच्या कडेला उभं केलं. तो हिंदी बोलतो. लहानपणी वडिलांच्या कापडाच्या दुकानातल्या हिंदुस्तानी कारकुनांकडून शिकलेला. तो म्हणाला, "मैं थक गया. घर में सब बोलता है, ये बर्फ का पागलपन बंद करो. ये आदमी आएगा. पास किया, तो एक साल और चलाऊँगा. एक भी ग़लती लिखा," त्याने दोन्ही तळहात झटकले, "खलास."

खलास म्हणजे आम्ही सगळे आपापल्या गावी. माझी मुलगी झारा दहावीत होती. मराठी तिला समजतं, उत्तर इंग्रजीत देते. रत्नागिरीला नेऊन तिला कुठल्या शाळेत घालायचं, याचा विचार करत मी आणि शमीम तासन्‌तास बसायचो. शमीम म्हणायची, "अवो, तुमी फकस्त बरफ नीट करा. बाकी अल्ला बघंल."

जुन्या प्रायोजकाचं नाव बर्फाच्या मधोमध होतं. ते काढून तिथे क्लबचं गलबत काढायचं ठरलं, कतारी झेंड्याच्या रंगात: मरून. तपासनीस बुधवारी येणार. सोमवारी सकाळी पांढरा थर तयार होता, आरशासारखा. कुरियनने मरून रंग पाण्यात कालवून मोठा प्लॅस्टिकचा ड्रम भरला आणि ट्रॉलीवर चढवला. मी गेलो सूक वाकिफला, लोकर आणायला. आकृतीची कड सरळ यावी म्हणून रंगीत लोकरीचा धागा ताणून त्यावर पाणी मारतात, तो बर्फात चिकटतो, आणि मग धाग्याच्या आत ब्रशने रंग भरतात. विणकामाच्या दुकानात मी मरून लोकरीचे गुंडे उन्हात धरून बघत होतो, तोच फोन आला.

"रफिकभाई, रंग तैयार है. ड्रम ट्रॉली पर है. अब क्या करूँ?"

बाजूला एक हमाल हातगाडी घेऊन "रफीक! रफीक!" करत होता. मी एका कानात बोट घातलं.

"ट्रॉली सेंटर में लेके जाओ और ड्रम खाली करो."

पलीकडून ट्रॉली सरकल्याचा आवाज आला.

"सेंटर में? बर्फ पर ही खाली करूँ?"

"हां बाबा, बर्फ पेच."

"पूरा?"

मला वैताग आला. ड्रम अर्धा कसा उतरवणार? "आधा खाली कैसा करेगा, कुरियन? पूरा खाली करो. पर संभालके. आपटो मत."

"धीरे-धीरे करूँ?"

"हां, एकदम धीरे."

मी लोकर घेतली, दुकानदाराशी घासाघीस करून एक पांढरा गुंडा फुकट मिळवला आणि शीळ घालत परत आलो.

मराठी वाचकाला मी काय सांगितलं ते कळलं असेल: ड्रम ट्रॉलीवरून खाली उतरव. हिंदीचा पहिला वर्ग मिळालेल्या माणसाला काय कळलं, ते मी हॉलचं दार उघडल्यावर बघितलं.

आरशासारख्या पांढऱ्या बर्फाच्या मधोमध मरून रंगाचं तळं. तळ्याचे पाय एका बाजूला पसरलेले, कडा गुलाबी झालेल्या, कारण एवढं पाणी ओतल्यावर खालचा पांढरा थर विरघळून रंगात मिसळत होता. आणि तळ्याच्या काठावर कुरियन, हातात उपडा ड्रम धरून.

"एक बूँद भी नहीं बची, रफिकभाई," तो म्हणाला. "लेकिन मुझे यह तरीक़ा समझ में नहीं आया."

मी बर्फावर बसलो. उभा राहिलो. परत बसलो.

"कुरियन! मैं बोला ड्रम खाली करो!"

"किया."

"खाली बोले तो नीचे! नीचे रखो!"

कुरियनने माझ्याकडे असं पाहिलं, जसं शिक्षक नापास मुलाकडे पाहतात. "नीचे को हिंदी में नीचे कहते हैं, रफिकभाई. खाली माने रिक्त." आणि मग हळूच, "मैंने तीन बार पूछा था."

विचारलं होतं. तीनदा. प्रत्येक वेळी मी त्या माणसाला जास्तच खोल खड्ड्यात ढकललं होतं.

तेवढ्यात मॅनेजर आला. इंग्रज, नवीन, क्लबमध्ये दोनच महिने झालेले. त्याने तळं पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "हे कोणी ओतलं?"

कुरियन म्हणाला, "मी, सर."

आता इथे मी बोलायला हवं होतं. मी, जो चहाच्या टपरीवरही गप्प राहत नाही. माझ्या तोंडात त्या क्षणी बर्फाची लादी होती. डोळ्यांसमोर झाराची शाळा होती. मॅनेजर ऑफिसात गेला आणि दहा मिनिटांत कुरियनच्या नावाचं वॉर्निंग लेटर छापून आणलं. कुरियनने ते वाचलं, चार घड्या घातल्या, खिशात ठेवलं. माझ्याकडे बघितलंही नाही. फक्त म्हणाला, "अब बर्फ का क्या करना है? और कृपया सही शब्द में बोलिए."

सगळा बर्फ वितळवून नवा करायला वेळ नव्हता. वरून तासायचं म्हटलं तर रंग पार तळापर्यंत मुरलेला. पण एक गोष्ट मला मिरकरवाड्यात शिकवलेली होती. लादी गोठते ती बाहेरून आत, आणि पाण्यातली सगळी घाण शेवटी मधल्या गाभ्यात ढकलली जाते. तो गाभा गोठायच्या आत आम्ही मधलं घाण पाणी ओढून काढायचो आणि चांगलं पाणी भरायचो. म्हणजे खराब भाग तेवढा काढायचा, बाकीच्या लादीला हात लावायचा नाही.

मी मधोमध खिळा गोठवला, त्याला दोरी बांधली आणि खेळाचं मधलं मोठं वर्तुळ आखलं. वर्तुळाबाहेर जेवढे गुलाबी पाय गेले होते, ते छिन्नी-हातोड्याने खणून काढायला लागलो, थेट सिमेंटपर्यंत. कुरियन तुकडे पाटीत भरून मागच्या अंगणात टाकत होता. खड्ड्यांत पुन्हा पाण्याचा फवारा, पांढरा रंग, पुन्हा फवारा. एक थर गोठेपर्यंत दुसऱ्या खड्ड्यात. अंगणात आजीबाई आल्या होत्या. गुलाबी बर्फ पाहून त्यांनी दोनदा "सुभानल्ला" म्हटलं.

राहिलं वर्तुळाच्या आतलं तळं. ते पुसण्यासारखं नव्हतं. कुरियन कमरेवर हात ठेवून बघत होता. म्हणाला, "यह तो पूरा समुद्र हो गया."

आणि माझ्या डोक्यात बत्ती पेटली. समुद्र झालाय ना? मग समुद्रच करू. पांढऱ्यावर मरून होडी काढायची होती. आता मरूनवर पांढरी काढू. सगळं वर्तुळ आम्ही एकसारखं मरून करून घेतलं, वर पाण्याचे थर दिले आणि पांढऱ्या लोकरीने मी गलबताची कड घातली. मंगळवार सकाळपासून उतरत्या दुपारच्या अस्रच्या अजानपर्यंत मी पोटावर पडून रंग भरत होतो. आराखडा होता एका डिझायनरने काढलेला, पण मरून लोकर फुकट गेल्याच्या गडबडीत तो कागद ओला होऊन फाटला. मी हातानेच काढली. होडेकरांच्या मुलाने होडी काढायची तर कागद कशाला? आता सांगायला हरकत नाही, ती होडी रत्नागिरीची आहे. कुरियन म्हणतो, होडीच्या पुढच्या टोकाचा, नाळेचा बाक मलबारचा आहे. यावर आमचं आजतागायत भांडण चालू आहे.

आयुष्यभर मी होड्यांमध्ये बर्फ भरला होता. त्या दिवशी पहिल्यांदा बर्फाच्या पोटात होडी भरली.

बुधवारी तपासनीस आला. स्वीडनचा, बुटका, मोजकंच बोलणारा. त्याच्यामागे मॅनेजर, मॅनेजरच्या मागे बू नासर, आणि आम्ही दोघं इस्त्रीच्या आडून. त्याने छोट्या ड्रिलने बर्फाला भोकं पाडून जाडी मोजली. तापमान घेतलं. टाच मारून आवाज ऐकला. माझे नवे भरलेले खड्डे त्याच्या बुटांखालून गेले. मी मनात कलमा म्हणत होतो, कुरियन गळ्यातला क्रॉस दातात धरून होता. तपासनीस मधोमध थांबला. गुडघ्यावर बसला. हातातला नकाशा पाहिला, बर्फ पाहिला, परत नकाशा.

"नकाशात पांढरं आहे आणि होडी मरून," तो म्हणाला. "इथे उलट आहे."

मॅनेजरचा चेहरा आमच्या पांढऱ्या थरापेक्षा पांढरा. बू नासर वाकून होडी बघत होता.

तपासनीसाने बोट ठेवलं. "मधला निळा ठिपका दिसतो. रेषा दिसतात. आतलं चित्र तुमचं. बर्फ चांगला आहे." आणि कागदावर सही केली. शेऱ्यांचा रकाना कोरा.

कुरियनने तोंडातून क्रॉस काढला. मी इस्त्रीच्या चाकाला टेकून खाली बसलो आणि असा श्वास सोडला की समोर धुकं झालं. फोन काढून शमीमला फक्त एवढंच म्हटलं, "झारा हितंच शिकंल." पलीकडे ती रडत होती की कांदा चिरत होती, कळलं नाही. विचारलं तर म्हणाली, "दोन्ही."

बू नासर तपासनीसाला गाडीत बसवून परत आला. सरळ प्लांटरूममध्ये, आमच्याकडे. "मेरे दादा का सांबूक ऐसाच था," तो म्हणाला. "लकड़ी तुम्हारे किनारे से आता था. पर ये नक़्शे में नहीं था. किसने सोचा?"

मॅनेजर मागे उभा होता. तो म्हणाला, आमच्या टीमने.

मी कुरियनकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या गेजकडे पाहत होता, खिशातल्या कागदावर हात ठेवून. दोन दिवस हा माणूस माझ्यासाठी पाट्या वाहत होता आणि त्या लेटरबद्दल एकदाही बोलला नव्हता. त्या दोन दिवसांची मला आजही लाज वाटते. होडी सुंदर झाल्यावर खरं बोलणं सोपं असतं. बोलायचं होतं ते तळं समोर असताना.

तरीही, उशिरा का होईना, बोललो. सगळं सांगितलं. सूक, लोकर, हमाल, फोन, "पूरा खाली". मराठीत खाली म्हणजे काय आणि हिंदीत काय, तेही. सांगता सांगता मी नक्कल करू लागलो. खोड जात नाही. कुरियनचा उपडा ड्रमसुद्धा करून दाखवला.

बू नासर आधी गंभीर होता. मग त्याच्या खांद्यांना हिसके बसू लागले. मग तो प्लांटरूमच्या पायरीवरच बसला, डोक्यावरचं काळं रिंगण सांभाळत. "खाली? ख़ाली तो हमारा है, या रफीक! अरबी का है! रुब-अल-ख़ाली मालूम है?" त्याने दक्षिणेकडे हात केला. सौदीकडचं ते अफाट वाळवंट. त्याचा अर्थ 'ख़ाली मुलूख'. "इतना बड़ा रेगिस्तान हमने एक लफ़्ज़ समझाने को रखा है, और तुम बोलता है ख़ाली मतलब नीचे?" डोळे पुसत तो मॅनेजरला म्हणाला, कुरियनचं लेटर परत घ्या. रफीकलाच द्या.

मला मिळालं. ते योग्यच होतं. पण कुरियनने त्याचं परत द्यायला साफ नकार दिला. त्याने ते लॅमिनेट करून खोलीत लावलं आहे, हिंदीच्या सर्टिफिकेटांच्या शेजारी. म्हणतो, सबंध आखातात माझी हिंदी बरोबर आणि दुसऱ्याची चूक असल्याचा हा एकमेव कार्यालयीन पुरावा आहे.

मोसमाचा पहिला सामना त्यानंतर लागला. संघात आता अर्धेच पगारी उरले होते. बाकी रास लफानचे इंजिनियर, शिफ्ट बदलून आलेले. आम्ही एका गोलने हरलो, पण ते नंतर. मला धास्ती वेगळी होती. डाळीच्या त्या वर्षात आमच्या हॉलमध्ये खेळाडूंपेक्षा प्रेक्षक कमी असायचे, आणि बू नासरने घरच्यांना बोलावलं होतं. तेच घरचे, जे म्हणत होते बंद करा. शमीम आणि झारा वर कुठेतरी होत्या. मी प्लांटरूममध्ये अडकलेलो. तिथून ना बर्फ दिसतो ना माणसं. फक्त गेजचे काटे आणि भिंतीपलीकडून येणारा एक आवाज, जो माणसांचा आहे की कॉम्प्रेसरचा हे मला ठरवता येईना.

फोन वाजला. कुरियन. मागे एवढा गोंगाट की त्याला ओरडावं लागत होतं.

"रफिकभाई! एक भी कुर्सी खाली नहीं है!"

मी काही विचारलं नाही. एवढ्या माणसांच्या श्वासाने बर्फ मऊ पडणार होता. मी हात पुढे केला आणि प्लांटचं तापमान एक अंश खाली केलं. मराठीत.